सड्यावरची चाके

आम्ही दोघे भाऊ. एक रत्नागिरीत मराठी शिकवतो, दुसरा शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेली वडिलोपार्जित कलमांची बाग पाहतो. पुढील हकिगतीतला मोह, खर्च आणि अपराध हे तिन्ही सामाईक असल्यामुळे कोणते वाक्य कोणाचे हे वेगळे न काढता सर्वत्र 'आम्ही' असेच लिहिले आहे.

किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणण्याचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने तो गुंडाळला, तेव्हा त्याच्याकडची एक क्वाड बाइक आम्ही नव्वद हजारांना घेतली. ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर मोटारसायकलचे हँडल, घोड्यावर बसावे तशी मांड, आणि खाली चार फुगीर चाके. वेग वाढवायचा तो मूठ पिळून नव्हे, उजव्या अंगठ्याने खटका दाबून. शेतकामाच्या क्वाड निराळ्या असतात. त्यांत बहुधा चारही चाकांना गती मिळते आणि मागेपुढे ओझे ठेवायला जागा असते. आमची मात्र खेळाच्या जातीची. २५० सीसीचे, हवेवर थंड होणारे एका सिलिंडरचे इंजिन, पाच गिअर, आणि साखळीने फक्त मागच्या दोन चाकांना गती. नोंदणी नसल्यामुळे ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. तिला चालायला मिळणार ती घरापासून बागेपर्यंतची आमची वाट. आधी दोन गडग्यांमधली अरुंद पाणंद, मग जांभ्या दगडाचा चढ, वर भाऊबंदांच्या सामाईकीतला उघडा सडा, आणि सड्यापलीकडे बाग.

बागेसाठी गाडी घेतली असे आम्ही घरात सांगितले. ते अर्धेच खरे होते. चाळिशी उलटल्यावर माणसाला काहीतरी जोरात पळवावेसे वाटते, आणि मराठीच्या तासाला तशी सोय नसते. पहिल्या आठवड्यातच गाडी आम्हाला मंद वाटू लागली. रात्री जेवणे झाली की आम्ही परदेशी लोकांच्या चित्रफिती पाहत बसू आणि वहीत यादी करू. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कार्ब्युरेटरचे नवे जेट, मोठा पिस्टन, पुढची चाके रुंद करणारे हात, मागचा लांब आस, नवे शॉकॲब्सॉर्बर, उंच गोट्यांचे टायर. बेरीज एक लाख अठरा हजारांवर गेली. गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या सुधारणा महाग, हे लक्षात येऊनही आम्ही वही मिटली नाही.

यादी घेऊन आम्ही ज्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी आयुष्यभर राजदूत, येझदी आणि बुलेट खोलून पुन्हा जुळवल्या आहेत. क्वाड त्यांनी प्रथमच पाहिली. गाडीभोवती एक फेरी मारली, मागचे चाक हाताने फिरवून पाहिले, आणि म्हणाले, "मास्तर, जोर हाय तेवडा पुरे. तो भुईला पोचतो का ते बगा." मग त्यांनी आमची यादी उलट्या क्रमाने वाचायला सुरुवात केली. आम्ही शेवटी लिहिलेले टायर त्यांच्या मते पहिले.

टायरविषयी त्यांनी जे सांगितले ते सविस्तर देण्यासारखे आहे. क्वाडच्या टायरात हवा भरायची ती पाचेक पौंड. मोटारीत तीस भरतो त्या मानाने जवळजवळ नाहीच. त्यामुळे टायर दगडावर पसरतो, खाचखळगे अर्धे तोच गिळतो. पण जांभा म्हणजे वाळू नव्हे. त्याच्या कडा विळीसारख्या असतात आणि इतक्या कमी हवेचा टायर कुशीला फाटतो. म्हणून कूस जाड हवी. गोट्या मात्र बुटक्या आणि दाट. उंच, विरळ गोट्या चिखलात रुततात आणि पकड घेतात. कातळावर त्या नुसत्या वाकतात, खरवडतात आणि झिजतात. हे सर्व आम्ही ऐकले, मान डोलावली, आणि घरी येऊन उंच गोट्यांचेच टायर मागवले. ते दिसायला चांगले होते, याखेरीज दुसरे कारण देता येणार नाही.

साहित्यशास्त्र शिकवणाऱ्याने तरी असे करायला नको होते. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला. मेखला गळ्यात आणि हार कमरेवर घातला तर शोभा येत नाही, हसू येते, हा त्यातला दृष्टान्त आम्ही दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. रुंद हातांबद्दल मिस्त्री तेच सांगत होते. पुढची चाके दोन्ही बाजूंना पाचपाच सेंटिमीटर बाहेर काढली की वळणावर गाडी कलंडण्याचे भय कमी होते, हे खरेच. पण तेवढ्याने आमच्या पाणंदीतल्या बेड्यातून ती आत शिरली नसती. म्हणजे सुधारणा चालवण्यासाठी गडगा पाडायचा!

खरा लाभ झाला तो साडेसातशे रुपयांच्या एका चक्रीचा. इंजिनाकडच्या पुढच्या चक्रीला तेरा दाते होते, मागच्या चक्रीला अडतीस. मिस्त्रींनी पुढे बारा दात्यांची चक्री बसवली. पूर्वी मागचे चाक एकदा फिरायला पुढची चक्री सुमारे २.९२ वेळा फिरे, आता ३.१७ वेळा फिरते. टोकाचा वेग आठ टक्क्यांनी घटला, आणि तेवढाच ओढीचा जोर चाकाशी वाढला. जांभ्याच्या चढावर क्लच अर्धवट दाबून इंजिन रडवावे लागे, ते थांबले. ज्याला गॅरेजात पिकअप म्हणतात तो हाच. आणि तो वेग कमी केल्याने मिळाला होता. शॉकॲब्सॉर्बर बदललेच नाहीत. स्प्रिंगची कडी दोन खाचा फिरवून चालकाच्या वजनाला बेतली, ते काम फुकट झाले. हवेची गाळणी मात्र दर आठवड्याला धुऊन तेलात भिजवून बसवावी लागते. फाल्गुन-चैत्रात जांभ्याची तांबडी धूळ इतकी उडते की कोरडी गाळणी तिला अडवत नाही, आणि ती धूळ सिलिंडरात गेली तर पिस्टन मोठा असो की लहान, सारखाच घासला जातो.

सायलेन्सरपाशी आम्ही अडलो. मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त, पेट्रोल कमी अशी स्थिती होते, इंजिन तापते, स्पार्क प्लग काढून पाहिला तर पांढुरका दिसतो. मग दुधाच्या चहाचा रंग येईपर्यंत जेट बदलत बसायचे. हवेवर थंड होणारे इंजिन आमच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना त्याला वाराही पुरेसा मिळत नाही. एवढे समजूनही आम्ही आगाऊ रक्कम भरली. बागेत राहणारा नेपाळी रखवालदार तेव्हा म्हणाला की आवाज वाढवलात तर तुम्ही येताय हे वानरांना आणि चोरांना एकदमच कळेल. आम्ही हसलो.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी आम्ही सड्यावर गाडी खेळवत होतो. येथे एक यांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. मोटारीच्या मागच्या आसात डिफरन्शिअल असते, त्यामुळे वळताना बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी. खेळाच्या क्वाडचा मागचा आस अखंड असतो. दोन्ही चाके सारखीच फिरतात, आणि बाहेरच्याला तर अधिक अंतर कापायचे असते. म्हणून प्रत्येक वळणावर एका तरी चाकाला घसटावेच लागते. ती गाडी वळतेच मुळी भुई खरवडून. मातीत याची मजा असते. आम्ही कातळावर आठच्या आकड्यात ती मजा घेत होतो, गोट्या उंच होत्या, आणि दिवस मावळत होता.

दम घ्यायला थांबलो तेव्हा तिरप्या उजेडात कातळावर एक मासा दिसला. हातभर लांब, कल्ल्याची रेघ, शेपटीचे दोन फाटे. त्याच्यापुढे आणखी काही रेषा, चौकोनात कोंडलेल्या, अर्ध्या मातीने भरलेल्या. लहानपणापासून त्या सड्यावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. भर उन्हात तेथे काहीच दिसत नाही. आणि माशाच्या पाठीवरून आमच्या टायरचे चार पट्टे गेले होते. सड्याच्या काळसर पापुद्र्याखालचा तांबडा दगड उघडा पडला होता, ताज्या जखमेसारखा.

कातळशिल्पे आम्हाला अपरिचित नव्हती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी मंडळींनी सडेच्या सडे पायी तुडवून ती नोंदवली, हे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. कशेळीचा सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आम्ही विद्यार्थ्यांना नेऊन दाखवला आहे. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही जिल्ह्यातली सात ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून बारसूच्या सड्यावर आंदोलन पेटले, तेव्हा सड्याच्या बाजूने आम्ही पत्रे लिहिली. त्यांतले एक बऱ्यापैकी उतरले होते. तेच आम्ही गाडीवर बसून आठ काढत होतो.

त्या रात्री आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जाणकारांना फोन केला, घडले ते लपवले नाही. त्यांनी येऊन मोजमाप घेतले, छायाचित्रे काढली, आणि आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. भोवती चिऱ्यांचा बांध घालायचा ठरला. चिरे डोक्यावरून वाहून नेले. गाडीवरून नेण्याचे कोणी सुचवले नाही.

उंच गोट्यांचे टायर काढून बुटक्या, दाट गोट्यांचे घातले, मिस्त्रींनी पहिल्यांदा सांगितले होते तसेच. "आता कसं," एवढेच ते म्हणाले. वाटही बदलली. सड्याच्या कडेने बैलगाड्यांची जुनी चाकोरी जाते. कातळात पिढ्यान्‌पिढ्यांच्या धावांनी ती रुतलेली आहे. तिने अर्धा किलोमीटर जास्त पडतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच जावे लागते. बारा दात्यांची चक्री तेथे फार उपयोगी पडते. चाक न घसरता गाडी मुंगीसारखी चालते. ज्येष्ठात पाऊस लागला की गाडी झाकून ठेवतो. त्या दिवसांत सड्यावरच्या बोटभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात, आणि तिचे कंद चाकाखाली सापडले तर दुसरीकडून आणून लावता येत नाहीत.

सायलेन्सर आम्ही नको म्हणून कळवले. आगाऊ रक्कम अद्याप परत आलेली नाही. मार्गशीर्षात पुन्हा सड्यावर गेलो होतो, पायी, त्याच वेळेला. चार पट्ट्यांतले दोन पावसाने काळवंडले आहेत. उरलेले दोन अजून तांबडे दिसतात.