ओठावरील रेघ

दोन अनोळखी माणसे समोरासमोर आली म्हणजे जिभेच्या आधी डोळे आपले काम सुरू करतात. नमस्कारासाठी हात जुळण्यापूर्वीच समोरच्या चेहऱ्याची पाहणी उरकलेली असते. या पाहणीला एक खोड आहे. जे नेहमीसारखे असते त्यावरून नजर भराभर पुढे जाते आणि जेथे काही निराळे दिसते तेथे घोटाळते. भिंतीवरच्या दहा तसबिरींपैकी एक तिरपी असली, की सरळ टांगलेल्या नऊ कोणाला दिसत नाहीत. ज्यांचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला असतो व पुढे शस्त्रक्रियेने सांधला जातो, त्यांना नजरेची ही खोड लहानपणापासून ठाऊक असते.

आईच्या पोटात बाळाचा चेहरा घडतो तो वेगवेगळ्या भागांच्या जुळणीतून. दोन्ही बाजूंचे भाग मध्यभागाशी येऊन मिळतात आणि सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ तयार होतो. टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळते. नाकाखालची उभी पन्हळ आणि तिच्या दोन कडा ही त्याच जुळणीची खूण. म्हणजे सांधा प्रत्येकाच्याच ओठात आहे! जगात सुमारे ७०० बाळांमागे एकाच्या बाबतीत ही जुळणी अपुरी राहते. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, ही समजूत महाराष्ट्रातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बिचाऱ्या सूर्यचंद्रांना याचा पत्ताही नसतो. अनुवंश आणि इतर अनेक कारणे मिळून हे घडते. त्याचा दोष आईच्या माथी मारणे हा निव्वळ अन्याय होय.

फाटलेल्या वस्त्राला ठिगळ लागते. ओठाला ते लागत नाही. अमेरिकन शल्यविशारद राल्फ मिलार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे मर्म हेच आहे. ओठाचे बहुतेक सारे भाग तेथेच असतात, केवळ आपली जागा सोडून गेलेले असतात. एक भाग खाली फिरवावयाचा, दुसरा पुढे सरकवावयाचा आणि टाक्यांची रेघ निसर्गाने जेथे कड ठेवली असती तेथेच आणावयाची. ही शस्त्रक्रिया बाळ सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर करतात आणि टाळूची पुढे वर्षाच्या आसपास. टाळूत फट असली म्हणजे हवा नाकावाटे निसटते. ‘म’ आणि ‘न’ साधतात, पण ‘प’, ‘ट’, ‘क’ यांचा जोर जातो. म्हणून पुष्कळ मुलांना शस्त्रक्रियेनंतरही शुद्ध उच्चारांचा सराव करावा लागतो.

लाल व्रण हळूहळू फिकट होतो. येथून पुढचे काम पाहणाऱ्यांचे. संशोधकांनी पाहणाऱ्यांच्या बुबुळांची हालचाल यंत्राने टिपली, तेव्हा असे आढळले की एरवी डोळ्यांकडे वळणारी नजर अशा चेहऱ्यावर नाक व ओठ यांच्यापाशी अधिक रेंगाळते. या रेंगाळण्यात दुष्टावा नसतो. पण ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला ते कळते. मग एखादे मूल हसताना तोंडावर हात धरते, छायाचित्राच्या वेळी मागच्या रांगेत जाऊन उभे राहते. आरसा डाव्याचे उजवे करतो, त्यामुळे रोज आरशात दिसणारी रेघ छायाचित्रात दुसऱ्या बाजूला येते आणि स्वतःचाच चेहरा परका वाटतो. वास्तविक कोणाच्याही चेहऱ्याचे दोन अर्धे तंतोतंत सारखे नसतात.

घरच्या माणसांना मात्र ती रेघ दिसेनाशी होते. जेवताना, भांडताना, गोष्टी सांगताना पाहिलेला तो चेहरा त्यांच्या ओळखीचा झालेला असतो. वर्गातही हेच घडू शकते. पण त्यासाठी पहिले चार दिवस नीट जावे लागतात. त्या चार दिवसांत कोणी टोपणनाव ठेवले, तर रेघ फिकी झाली तरी नाव फिके होत नाही.

उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातल्या पिंकी सोनकर या मुलीला अशा ओठामुळे शाळेपासून दूर राहावे लागले होते. वाराणसीस तिच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया झाली. तिच्यावरील ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि २०१३ मध्ये विंबल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हातून झाली. असा मान क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. बाकीच्या मुलांना हवे असते ते अगदी साधे: बाकावर शेजारी जागा, खेळात गडी म्हणून निवड आणि बोलणे पुरे होईपर्यंत ऐकणारा सोबती.

नजर रेघेवर गेली म्हणून कोणी ओशाळण्याचे कारण नाही, ती जाणारच. तिला तेथेच थांबू द्यावयाचे, की उचलून समोरच्याच्या डोळ्यांकडे न्यावयाचे, एवढे पाहणाऱ्याच्या हाती असते. आणि त्या मुलाने आपले नाव काय सांगितले, हे नीट ऐकून त्याच नावाने त्याला हाक मारणे, हेही.