पडद्यावरचं कासव

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात माझी बरीचशी नोकरी गेली. मुलूख खडकाळ. पाऊस झाला तर बाजरी, तूर, थोडी कपाशी. नाही झाला तर काहीच नाही. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असायची, ती फेडायला ऊसतोडीवर जाणं भागच. ट्रक यायचे. त्यात चूल, भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं भरली जायची. ती माणसं परत यायची पाडव्याच्या आसपास. तोपर्यंत माझ्या हजेरीपुस्तकात गैरहजेरीच्या रांगाच्या रांगा.

शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते सातवी, चार खोल्या आणि आम्ही तिघं मास्तर. २०१५ साली सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि शाळा डिजिटल करायची लाटच आली. गावोगाव लोकवर्गणी निघाली. आमच्याही गावानं काढली. कुणी शंभराची नोट दिली, कुणी पायलीभर बाजरी दिली. त्यातून एक मोठा टीव्ही आला आणि शहरातल्या एका कार्यालयानं मोडीत काढलेले चार संगणक आले. टीव्हीवर कविता लागायच्या, गोष्टी लागायच्या. लेकरं मांडी घालून बघायची. बघून झालं की उठायची. चित्रकलेच्या तासाला पोरांचे हात रंगांनी माखलेले असतात. इथं मात्र ते मांडीवरच राहायचे. मला ते काही पटत नव्हतं.

लोगो नावाची संगणकाची भाषा मला वाचून माहीत होती. सेमूर पेपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती. अमेरिकेत वॉली फॉयर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत १९६७ मध्ये त्यांनी ती लहान मुलांसाठी तयार केली. पुढं तिच्यात कासव आलं. त्याला ‘फॉरवर्ड १००’ म्हटलं की ते सरळ चालतं, ‘राइट ९०’ म्हटलं की उजवीकडं वळतं, आणि त्याच्यामागं रेघ उमटते. संगणकानं मुलाला शिकवण्यापेक्षा मुलानं संगणकाला शिकवावं, असं पेपर्टांचं म्हणणं. आमच्या चार जुन्या डबड्यांवर ते कासव मजेत चालायचं. इंटरनेट लागत नव्हतं. लाईट तेवढी लागायची, आणि तिचाच नेम नव्हता.

म्हणून पहिले पंधरा दिवस संगणक झाकूनच ठेवले. कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची फक्की काढली. एका पोराच्या हातात फक्कीचा डबा दिला, तो कासव. दुसऱ्यानं हुकूम सोडायचे. “पुढं दहा पावलं. उजवीकडं वळ. पुढं दहा.” कासवानं सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. एकानं नुसतंच ‘वळ’ म्हटलं तर कासव जागेवरच गोल गोल फिरत राहिलं. पोरं हसून लोळली. पण किती वळायचं ते सांगावं लागतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मग पडद्यावर आलो. चौकोन सगळ्यांना जमला. त्रिकोणाला गाडी अडली. पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश, म्हणून पोरांनी कासवाला तीनदा साठ-साठ वळवलं. त्रिकोण काही मिटला नाही, उघड्या परातीसारखं काहीतरी झालं.

“गुर्जी, कासव चुकलं.”

“कासव चुकत नसतं. तू कासव हो आणि चालून बघ.”

पोरगं मैदानात गेलं. त्रिकोणावरून चालताना कोपऱ्यावर आलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण जवळजवळ मागंच फिरतोय. आतला कोन साठ, पण वळायचं १२०. कुठलीही आकृती पुरी करून तोंड पुन्हा पहिल्या दिशेला आलं की एकूण वळण ३६० भरतं. हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर पाठ झालं असतं. चालून बघितल्यामुळं ते पायात राहिलं.

एवढ्यात दुसऱ्या संगणकावर सुताराच्या नातवानं तीच साठची आज्ञा तीनाऐवजी सहा वेळा दिली. सहा बाजूंची आकृती झाली. पोरगं ओरडलं, “आरं, हे तर पुठे!”

बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो, त्यात बारा आरे, बाहेरून सहा पुठे आणि वर लोखंडी धाव. त्याच्या आजोबांना सगळा गाव नाना म्हणायचा. टायरच्या गाड्या आल्यापासून नानांकडं चाकाचं काम येत नव्हतं; दारं-खिडक्यांवर भागत होतं. नातवानं रात्रीतून विचार करून दुसऱ्या दिवशी बारा आरे काढले. पुढं जायचं, तसंच मागं यायचं, तीस अंश वळायचं, असं बारा वेळा. मग नानांना बोलावून आणलं. नाना चप्पल बाहेर काढून वर्गात आले, डोळे बारीक करून पडद्याकडं बघत राहिले.

“माझ्या चाकाला बाभळ लागती. याला काय लागतं रं?”

“तीस लागतंय, नाना. तीस वळायचं.”

नानांनी खिशातून सुतळी काढली. खडूनं फरशीवर गोल काढला. गोलाच्या मध्यापासून कडेपर्यंतची सुतळी घेऊन ती कडेकडेनं ठेवत गेले. बरोबर सहा वेळा बसली, सातव्याला पहिल्या खुणेवर. “आमचं तीसबीस काय नसतं. सहा खुणा झाल्या की मधी मधी एकेक. बारा झाले.” वर्ग गप्प झाला. मला पुढं काही शिकवायचं उरलंच नाही.

सहावीत एक मुलगी होती. तिला सगळे ताई म्हणत, कारण धाकट्या भावाला कडेवर घेऊनच ती शाळेत यायची. तिची आजी दिवाळीत अंगणभर ठिपक्यांची रांगोळी काढायची. ताईनं ओळखलं की आजी सगळी रांगोळी ध्यानात ठेवत नाही, एक पाकळी ध्यानात ठेवते आणि ती फिरवत जाते. लोगोत नवा शब्द शिकवता येतो. तिनं कासवाला ‘पाकळी’ शिकवली. अक्षरं इंग्रजी, शब्द मात्र आपला. एकेक पाऊल टाकत एकेक अंश वळायचं, असं नव्वद वेळा. मग एकदम नव्वद वळून पुन्हा तेच. पाकळी मिटते. मग ‘फूल’ म्हणजे आठ पाकळ्या, दर वेळी ४५ वळून. मग ‘अंगण’ म्हणजे पुष्कळ फुलं. भाऊ मांडीवर झोपलेला आणि ही एका हातानं टाइप करायची.

पुढल्या वर्षी आम्ही स्क्रॅचवर गेलो. अमेरिकेतल्या एमआयटीत मिचेल रेसनिक यांच्या गटानं ते २००७ मध्ये मुलांसाठी खुलं केलं. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. चित्र आपलं, आवाज आपला, हलवायचं कसं तेही आपणच ठरवायचं. सुरुवातीला पडद्यावर एक मांजर असतं. कुणी त्याला काढून पोळ्याचा बैल आणला, त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज भरला. कुणी एसटी आणली, ती घाटात बंद पडायची आणि माणसं उतरून ढकलायची.

ताईनं उसाचा फड काढला. साडीवर पुरुषी सदरा घातलेली आई, हातात कोयता. कोयता हलला की ऊस आडवा, बाजूला मोळी. वीस मोळ्या झाल्या की गाडी भरून निघायची. कडेला झोळीत लेकरू. त्याच्या रडण्याचा आवाज तिनं आपल्या भावाचाच भरला होता. आणि एक अट घातली होती: लेकरू रडलं, तर कोयता थांबव. आई झोळीकडं जायची, रडं थांबलं की परत फडात.

दसऱ्याआधी पालक सभा घेतली आणि पोरांची कामं टीव्हीवर लावली. बैल बघून लोक हसले, एसटी बघून टाळ्या पडल्या. फड लागला तेव्हा कुणी हसलं नाही. ताईची आई मागं भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, “बाई, सगळं बराबर काढलंस. पर लेकरू रडलं तरी कोयता थांबत न्हाई. तेवढं बदल.”

ताई म्हणाली, “माझ्या चित्रात थांबतो.”

सभा संपल्यावर मी तिच्या वडलांशी बोललो. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती. राहू द्या म्हटलं तिला. ते म्हणाले, “गुर्जी, तुमचं खरंय. पर धाकट्याला कोण बघंल? आमी दोघं फडात.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. जाताना तिला एक चौकटीची वही दिली. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून तिनं ती ओढणीत गुंडाळली.

पाडव्यानंतर ती आली. वही राखेनं, उसाच्या चिकटानं काळी झालेली, पण भरलेली. चार-पाच महिने संगणक न बघता तिनं आज्ञा लिहिल्या होत्या. कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत चुलीतल्या राखेच्या रेघा मारून ती तिथल्या लेकरांना कासव-कासव खेळवायची. धाकटा कासव व्हायचा, म्हणजे तो रडायचाही नाही. वहीतलं एक नऊ पाकळ्यांचं फूल तिनं टाइप केलं. शेवटची पाकळी पहिलीवर चढली. ती पडद्याकडं बघून पुटपुटली, “पंचेचाळीस आठाला. नवाला चाळीस,” आणि आकडा बदलला. फूल मिटलं. मी नुसता उभा होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी-सातवी-आठवीच्या मुलांसाठी कोडिंग आलं, ते चांगलंच झालं. शहरात त्याच्या शिकवण्याही निघाल्या. आमच्या लेकरांना ते अवघड जात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. चाक, रांगोळी, गोधडी यांतून त्यांना ते अर्धं येतच असतं. अवघड असतं ते दिवाळीनंतर वर्गात असणं.

पुढच्या दसऱ्याला ताईच्या आईनं धाकट्याला बरोबर नेलं आणि हिला आजीजवळ ठेवलं. फडात त्याला कोण बघणार, हे मी विचारलं नाही. ट्रक निघाला तेव्हा लेकरू आईच्या कडेवर होतं. ती खाली वाकून एवढंच म्हणाली, “गुर्जी, ते कोयत्याचं चित्र पुसू नका बरं.”

पुसलं नाही. ते चित्र अजून त्या संगणकात आहे.