मुका माज आणि बोलका गुडघा

गाय गाभण राहणे आणि माणसाचा गुडघा झिजणे, या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. शास्त्राच्या दप्तरात त्यांचे कप्पे निराळे आहेत हे खरेच. परंतु वसईकडील आमच्या घरी त्या एकाच छपराखाली नांदल्या. आमच्या आईने चाळीस वर्षे गोठा सांभाळला. उकिडवे बसून, चरवी गुडघ्यांत धरून तिने दोन्ही वेळच्या धारा काढल्या आणि उतारवयात त्याच गुडघ्यांनी तिला जेरीस आणले. या दोहोंविषयी संशोधकांनी काय शोधून काढले हे वाचताना आम्हांस जे जाणवले, ते येथे मांडीत आहोत.

गाय साधारणतः दर 21 दिवसांनी माजावर येते आणि तो माज जेमतेम 12 ते 18 तास टिकतो. हंबरणे, अस्वस्थ होणे, चारा कमी खाणे या त्याच्या खुणा. परंतु कित्येक जनावरे, विशेषतः म्हशी, यांपैकी काहीच दाखवीत नाहीत. त्यास ‘मुका माज’ असे म्हणतात. तो हुकला की तीन आठवड्यांचा चारा व्यर्थ गेला. ज्या घरात दुधाच्या पैशांतून मुलांची फी भरली जाते, तेथे हे तीन आठवडे फार मोठे असतात.

माज ओसरल्यावर गायीच्या बीजांडकोशात पीतपिंड तयार होतो व तो प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्रवतो. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकून राहतो. न राहिला तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजाकडे वळते. म्हणजे जनावर मुके असले तरी त्याचे रक्त बोलत असते. पण फारच हळू आवाजात. एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश, एवढेच ते प्रमाण. इतके सूक्ष्म मोजण्याची युक्ती न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनवर काम करताना 1959-60 च्या सुमारास सिद्ध केली. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. बर्सन 1972 साली निवर्तले. यॅलोबाईंना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ब्रिटनमधील लेंग आणि हीप यांनी 1971 साली दाखवून दिले की, हे संप्रेरक दुधातही मोजता येते.

रेतनानंतर 21 ते 24 दिवसांनी दुधाचा नमुना तपासावा. प्रोजेस्टेरॉन कमी असेल तर गाय गाभण नाही, हे जवळजवळ निश्चित. जास्त असेल तर ती गाभण असण्याचा संभव आहे, एवढेच म्हणता येते; कारण गर्भ पुढे जिरूही शकतो. या चाचणीचा ‘नाही’ पक्का, ‘होय’ मात्र कच्चा. आपल्या मापाची मर्यादा इतक्या स्वच्छपणे सांगणारे शास्त्र आम्हांस विश्वासाचे वाटते. आमच्या गोठ्यापर्यंत ही चाचणी कधी पोहोचली नाही. दोन-अडीच महिन्यांनी गुरांचे डॉक्टर तपासून सांगत, तोवर आई वाट पाही.

आता गुडघ्याकडे वळू. इंग्लंडमधील केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी कोळसा खाणीतील कामगारांच्या सांध्यांचा अभ्यास करून तो 1952 साली प्रसिद्ध केला. 1957 साली त्यांनी क्ष-किरण चित्रावरून झीज ठरविण्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या घालून दिल्या. आजही त्याच वापरात आहेत. परंतु या चित्रात कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधील फट किती उरली यावरून तिचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून हे चित्र रुग्णास उभे करून, गुडघ्यावर भार असताना काढावे; निजवून काढल्यास फट आहे त्याहून मोठी भासू शकते. शिवाय कूर्चेला संवेदनातंतू नाहीत. वेदना उठते ती भोवतालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून. त्यामुळे चौथ्या पायरीचा एखादा मनुष्य बाजारहाट करून येतो आणि दुसऱ्या पायरीच्या एखाद्याला बाकावरून उठवत नाही.

आमच्या आईचे असेच झाले. 1997 साली एका डॉक्टरांनी तिचे चित्र उजेडात धरले आणि “विशेष काही नाही, वयाचे आहे,” असे म्हणून तिच्याकडे न पाहताच चिठ्ठी लिहिली. ती गप्प राहिली. त्यानंतर दुखते असे ती सांगेनाशी झाली. चित्रात नाही ते आपल्या मनाचेच खेळ असावेत, अशी तिची समजूत झाली होती.

पुढे 1998 साली स्वीडनमधील इवा रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्णालाच विचारायचे असते: जिना उतरताना दुखते का? खुर्चीतून उठताना? मोजे घालताना? गुडघे टेकण्याचा प्रश्नही तिच्यात आहे, पण तो ‘खेळ व करमणूक’ या विभागात! वाचताना आम्हांस हसू आले आणि वाईटही वाटले. आमची आई गुडघे टेकीत असे ती मिस्सेच्या वेळी आणि रात्रीच्या रोजरीला. ते जमेनासे झाल्यावर ती मागच्या बाकावर, खांबाआड बसू लागली. “देवासमोर बसून कसं राहायचं गो?” असे तिने आमच्या बहिणीस विचारले होते. वस्तुतः प्रकृतीच्या कारणास्तव गुडघे न टेकण्याची मुभा मिस्साविधीच्या सूचनांतच आहे. तिला ते कोणी सांगितले नव्हते, कारण तिचे दुखणे कोणी विचारलेच नव्हते.

अखेरीस व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीने तिला पहिला प्रश्न केला, “आजी, काय करता येत नाही?” मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, हाती काठी, बसण्यास उंच खुर्ची, एवढाच तो उपचार. आई आधाराविना उठू लागली. गुडघे मात्र पुन्हा टेकता आले नाहीत.

मुक्या जनावराचे म्हणणे कळावे म्हणून माणसाने दुधाच्या थेंबात शोध घेतला, हे त्याच्या बुद्धीला भूषणावह आहे. बोलता येणाऱ्या माणसासाठी एवढे कष्टही लागत नाहीत. वाचकांच्या घरी कोणी वडीलधारे माणूस मिस्सेला जायचे हल्ली टाळत असेल, तर रिपोर्टचा लिफाफा उघडण्यापूर्वी त्याच्याजवळ थोडे बसावे आणि जिना, खुर्ची व गुडघे टेकणे, या तिन्हींविषयी त्याला विचारावे.