गंजाची बाकी

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंह मंदिरामुळे दूरवर परिचित आहे. याच गावात दोन पिढ्यांपासून बी-बियाणे आणि खतांचा व्यापार करणाऱ्या एका घराच्या गोदामात, ताडपत्रीखाली, १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे उभी होती. घरातील कर्ते शेठजी आता पासष्टीचे आहेत. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची, म्हणजे बाबूजींची.

व्यापारी घरांना या गाडीविषयी जिव्हाळा वाटावा याला कारणही आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. इटलीच्या फियाट ११०० वर आधारलेली ही गाडी त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. बाबूजी हिच्यातूनच परभणीच्या मोंढ्यात जात आणि सुटीत साऱ्या कुटुंबाला घेऊन जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या दर्शनाला निघत.

यंदा पुतणीचा विवाह वैशाखात ठरला. नवरीची पाठवणी आजोबांच्या गाडीतून व्हावी, अशी घरातील मुलांची इच्छा होती. फाल्गुनात ताडपत्री काढली तेव्हा गाडी वरून बरी दिसली. मागच्या चाकाच्या कमानीपाशी आणि दाराखाली रंगाला काही फुगे आले होते, एवढेच. परभणीहून आलेल्या मिस्त्रींनी मात्र त्या फुग्यांकडे पाहून मान हलवली. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगाला वर ढकलतो. बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतील पत्रा पुष्कळसा गेलेला असतो.

शेठजींना हे पटेना. गाड्या गंजतात त्या कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत गंज कुठला? मिस्त्रींनी गोदामाच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे पोटॅशच्या पोत्यांची थप्पी होती. पोटॅश हा क्लोराईडचा क्षार आहे. तो हवेतील ओल धरून ठेवतो, आणि ओल व क्षार एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजते. समुद्र गोदामातच होता, असे म्हणावयास हरकत नव्हती. शिवाय दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे धुळीने बुजली होती. आत शिरलेले पाणी आतच राहिले होते.

मग मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढले. ते दारावर घट्ट बसले, कमानीवर बसले. पण दाराखालच्या लांब पट्टीवर ठेवताच खाली पडले. हातोडीचा आवाजही तिथे बद्द आला. पेचकसाच्या टोकाने रंग उकरला, तेव्हा आतून पत्र्याऐवजी पुट्टीचे ढेकूळ निघाले आणि त्यामागे तांबूस भुगा.

“शेठ, पुन्हा पुट्टी भरून रंग मारला, तर पंधरा दिवसांत गाडी नवीन दिसेल,” मिस्त्री म्हणाले. “कापून पत्रा बसवायचा, तर लग्न विसरा.”

मुलाचा कल पहिल्या मार्गाकडे होता. गाडी एकच दिवस तर चालवायची होती. शेठजी बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले आणि मग मुलाला म्हणाले, “ही पुट्टी मीच भरवली आहे.”

ती गोष्ट १९९९ च्या खरिपाची. पट्टी गंजल्याचे बाबूजींच्या लक्षात आले होते आणि पत्रा कापून नवा बसवून आण, असे त्यांनी बजावले होते. गॅरेजवाल्याने आठ दिवस मागितले. दुकानात पेरणीची गर्दी होती. शेठजींनी दोन दिवसांत पुट्टी भरवली, वरून रंग मारून घेतला आणि घरी येऊन सांगितले, “झाले काम.” बाबूजींनी चुंबक लावून पाहिले नाही. मुलाचा शब्द त्यांना पुरेसा होता. त्यानंतर कित्येक वर्षे ते घरातील लेकरांना मागे बसवून हीच गाडी चालवीत होते. या गाडीला वेगळी चासी नाही. सारा भार पत्र्याचा सांगाडाच पेलतो आणि दाराखालची ती पोकळ पट्टी त्या सांगाड्याचा कणा आहे.

“पप्पा, हे तुम्ही आजोबांना कधी सांगितले नाही?”

“नाही.”

पुतणी दुसऱ्या गाडीतून सासरी गेली आणि पद्मिनी परभणीच्या गॅरेजात गेली. मिस्त्रींनी आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवली. मग दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचे तात्पुरते टेके वेल्ड केले, कारण ते न देता पट्टी कापली असती, तर गाडी मधोमध खचली असती. गंजका पत्रा चकचकीत, निरोगी धातू लागेपर्यंत कापला. जेवढे छिद्र दिसत होते, त्याच्या कितीतरी पट पत्रा निघाला. तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा बेतून एक टाका इथे, दुसरा तिथे, मध्ये थंड होऊ देत जोडला. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो. जिथे गंज वरवरचा होता, तिथे तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर चालवून फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, धुतले, पूर्ण वाळवले आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला. उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर नवा गंज धरू लागतो.

पुट्टीही वापरली गेली, पण सर्वांत शेवटी आणि नखाएवढ्या थरात. पुट्टी वाईट नसते, असे मिस्त्रींचे म्हणणे. चांगल्या पत्र्यावरचा उंचसखलपणा भरणे हे तिचे काम. नसलेल्या पत्र्याची जागा तिने घेऊ नये. पावसाळ्याच्या दमट हवेत रंगाखाली ओल कोंडली जाते, म्हणून अखेरचा रंग आश्विनातील कोरड्या उन्हापर्यंत थांबला. रंगानंतर पोकळ पट्टीच्या आत मेणमिश्रित तेल फवारले आणि दारांची छिद्रे मोकळी केली. गोदामातील पोटॅशची थप्पी त्याआधीच दुसऱ्या खोलीत हलली होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी पोखर्णीला परतली. वहीपूजनाच्या दिवशी मुलाने नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीतील राहिलेल्या नोंदी पूर्ण करावयास घेतल्या. गॅरेजचे बिल हातात धरून त्याने विचारले, “हे दुकानखर्चात लिहू की घरखर्चात?”

“माझ्या नावे टाक,” शेठजी म्हणाले.

“आणि तपशील?”

शेठजी क्षणभर थांबले. “बाबूजींनी सांगितलेले पत्र्याचे काम.”

मुलाने तेवढेच लिहिले आणि पुढे रक्कम मांडली.