पोर खोटं बोलत नाही

वटार, ता. वसई
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. धाकटीस,


काल फोनवर तू विचारलंस, "ताई, ती नाटक तर करत नाही ना गं?" तुझी छकुली शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं हूं हूं करून फोन ठेवला. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण तेवढ्याने तुझं समाधान होणार नाही आणि तिच्या बाबांचं तर मुळीच होणार नाही. विरार लोकलने ये-जा करत नेत्रविभागात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा नीट बैजवार लिहिते.

तुमचा संशय कुठून आला ते मला कळतं. फळ्यावरचं दिसत नाही म्हणणारी ही पोर इथे केळीच्या वाडीतून पाटाच्या कडेकडेने पळते आणि कुठे अडखळत नाही. वाळत घातलेल्या सुकेळ्यांना धक्का न लावता बरोबर मधून निघते. आमचे हेसुद्धा परवा म्हणाले, "हिला चांगलं दिसतंय की!" तिकडे तुम्ही चष्मे बदललेत, पडद्याची तपासणी केलीत, अपघातात डोक्याला मार लागला असेल म्हणून एमआरआय काढलात. सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की डोळ्यांत दोष नाही. ती खोटं बोलते, हे आपण घरच्यांनी जोडलं.

डोळा फक्त चित्र पोचवतो. ते मेंदूत उमटतं, तिथे त्याचा अर्थ लागतो, आणि मग 'मला दिसलं' असं आपण म्हणतो. डोळा आणि त्याची नस निरोगी असूनही या पुढच्या कामात अडथळा येऊ शकतो. डॉक्टर याला कार्यात्मक दृष्टिदोष म्हणतात. आठ ते चौदा या वयात तो जास्त दिसतो, मुलींमध्ये अधिक. पाय जमिनीचा अंदाज घेत असतात, हात वस्तू चुकवत असतात, पण जाणीवपूर्वक पाहायला गेलं की समोर धूसर. म्हणून ती पाटात पडत नाही आणि फळाही वाचू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

हे ओळखायच्या तपासण्या आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं फिरतं पिंप समोर धरलं की दिसणारा डोळा आपोआप पट्ट्यांमागे सरकतो, त्याला अडवता येत नाही. चाचणीच्या फ्रेममध्ये एकमेकांना रद्द करणारी भिंगं घालून 'आता वाच' म्हटलं की पुष्कळ मुलं खालची ओळ वाचतात. नजरेचा पट्टाही मोजतात. विजेरीचा झोत लांब जाईल तसा रुंदावतो, तशी खरोखर आक्रसलेली नजरसुद्धा अंतराबरोबर रुंदावते. या मुलांना मात्र एका मीटरवर जेवढं दिसतं तेवढंच दोन मीटरवर. आणि ताणाखाली डोळ्यातला भिंग आवळणारा स्नायू सैल होईनासा झाला, तर नसलेला मायनस नंबर दिसतो आणि दर तपासणीला बदलतो. थेंब घालून तो स्नायू सैल केला की खरा नंबर कळतो. तुमच्या दुकानदाराने थेंब न घालताच नंबर काढला होता, हे तूच मला सांगितलंस.

आमच्या विभागातले मोठे सर शिकाऊ डॉक्टरांना अमेरिकेतल्या लाँग बीचची हकिकत सांगायचे. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजची राजवट होती. तिथल्या छळातून जगून लाँग बीचला आलेल्या सुमारे दीडशे बायकांना दिसत नाही अशी तक्रार १९८०च्या दशकात नोंदली गेली. कुणाच्या डोळ्यांदेखत नवरा मारला होता, कुणाची मुलं. डोळे तपासले तर निरोगी. सर म्हणायचे, "यांतली एक तरी खोटं बोलत होती असं ज्याला वाटतं, त्याने हा विभाग सोडावा."

आपल्या पोरीने काय पाहिलं ते आठव. शिळफाट्याच्या रस्त्यावर अपघात झाला तेव्हा बाबांच्या मागे गाडीवर बसलेली ती. त्यांच्या पायात रॉड पडला, हिला नुसतं खरचटलं. सगळे म्हणाले, पोर किती धीराची, रडलीसुद्धा नाही. घर हॉस्पिटलच्या फेऱ्यांत आणि बिलांत बुडालं. तिला कुणी विचारलं नाही, कारण तिच्यात विचारण्यासारखं काही दिसतच नव्हतं. शाळा सुरळीत सुरू झाल्यावर फळा धूसर झाला. तुझा यात दोष नाही. तेव्हा तुला नवऱ्याचा जीव वाचवायचा होता.

सगळ्यांना कारण असं समोर मिळत नाही. कधी ते वर्गातल्या छळात असतं, कधी परीक्षेत, कधी घरातल्या भांडणात, आणि कधी कुणाच्या वाईट हातांत. तसलं काही निघालं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक त्यासाठीच. कधी कधी कारण सापडतच नाही, तरीही मूल बरं होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'मनाचं आहे' हे शेवटी म्हणायचं असतं, आधी नाही. स्टारगार्टसारख्या पडद्याच्या आजारात सुरुवातीला पडदा चांगला दिसू शकतो, नसेच्या सुजेतही तसंच. म्हणून बालनेत्रतज्ज्ञांकडे थेंब घालून पुन्हा तपासणी करून घे आणि काही आठवड्यांनी परत दाखव. तुला डोंबिवलीहून सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय सोयीचं. नेत्रविभाग आणि मानसोपचार विभाग एकाच ठिकाणी मिळतील. वाटेत ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. रात्री-अपरात्री तुझाच धीर सुटला तर टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ फिरव. फुकट आहे आणि मराठीतून बोलतात.

आता घरात काय करायचं ते. "ही बोटं किती?" हा खेळ आजपासून बंद. तिला पकडायला जाऊ नकोस. पकडली गेलेली पोर बरी व्हायलाही घाबरते, कारण बरं झालं की आधीचं खोटं ठरतं. तिला एवढंच सांग: तुझे डोळे छान आहेत, ते थोडे थकलेत, हळूहळू साफ दिसायला लागेल. शाळा बुडवू देऊ नकोस. बाईंना चिठ्ठी देऊन काही दिवस पुढच्या बाकावर बसव. दिसत नाही म्हणून लाड नकोत आणि रागही नको. आईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळू देत, पण भगताकडे नेऊ देऊ नकोस. अपघाताचं ती स्वतः काढेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐक. उकरून काढायचं काम समुपदेशकाचं. आणि बाबांना सांग, एक दिवस तिच्याजवळ बसून म्हणावं, "बाळा, तो अपघात तुझ्यामुळे झाला नाही." मुलं असले हिशेब मनाशी मांडत असतात आणि कुणाला दाखवत नाहीत.

अशी बहुतेक मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ववत वाचायला लागतात. मी ती डोळ्यांनी पाहिली आहेत. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तिला घेऊन येते. तोपर्यंत नवा चष्मा करू नकोस, आणि 'नाटक' हा शब्द घरात कुणी काढणार नाही एवढं बघ.

तुझी,
ताई