सोयावडीचे भौतिकशास्त्र

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर रविवारी सकाळी सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी फिरताना दिसतात. मंडी हाउसला मेट्रोतून उतरायचे, कमानी सभागृह आणि जुने महाराष्ट्र सदन मागे टाकत इंडिया गेटपर्यंत जायचे, आणि परतताना जवळच्या एका दुकानातून गोठवलेल्या वनस्पतिजन्य मटणाचा डबा घेऊन लक्ष्मीनगरला घरी पोहोचायचे, असा त्यांचा दीड वर्षाचा क्रम होता. एका रविवारी दुकानदार म्हणाला, “वो माल अब नहीं आएगा.” कंपनीने ते उत्पादनच बंद केले होते.

गोष्ट किरकोळ वाटेल. पण त्या घरात ती किरकोळ नव्हती. गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. रविवार म्हणजे तांबडा रस्सा, हे समीकरण त्यांनी आयुष्यभर पाळलेले. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि मांसाहार कायमचा सोडला. व्रताविषयी मनात शंका नव्हती, पण अन्नावरची वासनाच उडाली. वर्षभरात वजन उतरले, जिना चढताना धाप लागू लागली. भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्या मुलीने तो डबा आणला आणि ताटात रविवार परत आला. “माळकऱ्याने मटणाचे सोंग तरी का खावे?” असे एका नातेवाइकाने विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “त्यात कुणाचा जीव गेला नाही. तेवढे मला पुरे आहे.”

दुसरी नावे बाजारात नव्हती असे नाही. उदयपूरची ‘गुडडॉट’ २०१६ पासून या क्षेत्रात आहे. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ सुरू केली. २०२२ मध्ये टाटांनी ‘सिंपली बेटर’ आणले. परंतु हा व्यवसाय जगभरच अस्थिर आहे. अमेरिकेतील ‘बियाँड मीट’चा समभाग २०१९ मध्ये २५ डॉलरला विक्रीस आला, काही आठवड्यांत २०० डॉलरच्या पुढे गेला आणि २०२३ अखेर १० डॉलरच्या खाली होता. आज सापडलेला डबा उद्याही मिळेल, याची खात्री कोण देणार? म्हणून मुलीने प्रश्नच बदलला. कोणता डबा आणायचा, यापेक्षा त्या डब्यात नेमके काय होते, हे तिने विचारले.

उत्तर तीन भागांचे होते: दाताखाली उलगडणारा धागा, धाग्यात धरलेला रस आणि भाजल्यावर येणारा खमंग वास. चौथी गरज ताटात दिसत नाही, ती प्रथिनांची. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम.

पहिल्या रविवारी तिने कच्चा फणस शिजवला. धागा उत्तम होता. वडील खूश झाले, मुलगी झाली नाही. कारण १०० ग्रॅम फणसात प्रथिने जेमतेम दोन-तीन ग्रॅम. दुसऱ्या रविवारी तिने वाण्याकडच्या सोयावड्या थेट रश्शात सोडल्या. सुक्या वडीत निम्मे वजन प्रथिनांचेच असते, हिशेब जुळला. पण वडिलांनी दोन घास खाऊन ताट सरकवले. वडी रबरासारखी लागत होती आणि तिला कच्च्या शेंगेचा वास होता.

मग ती वडीच्या जन्माकडे वळली. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल काढल्यावर उरलेल्या पिठात पाणी मिसळून ते एक्सट्रुडर नावाच्या यंत्रात घालतात. तापलेल्या नळकांड्यात फिरणारा स्क्रू ते मळत, दाबत पुढे ढकलतो आणि प्रथिनांचे रेणू उलगडतात. तोंडाशी दाब एकाएकी उतरला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पदार्थ फुगून स्पंजसारखा होतो. हीच सोयावडी. गोठवलेल्या डब्यातील अनेक पदार्थांचा मार्गही बराचसा हाच असतो. फरक इतकाच, की तेथे पाणी निम्म्याहून अधिक असते आणि गरम लगदा लांब, थंड साच्यातून बाहेर काढतात. भिंतीलगतचा थर आधी निवून मंदावतो, मधला वेगाने वाहत राहतो. वेगातील या फरकामुळे प्रथिने प्रवाहाच्या दिशेने ताणली जाऊन धागे बनतात.

म्हणजे बी तेच आणि यंत्रही त्याच जातीचे. वडीत धागा नव्हता, पण छिद्रे होती. आणि छिद्रांत आधी जे शिरेल तेच तिथे राहणार. तिसऱ्या रविवारी वड्या मीठ घालून उकळल्या, थंड पाण्यात धुऊन दोनदा घट्ट पिळल्या. शेंगेचा वास त्या पाण्याबरोबर बराचसा गेला. मग रिकाम्या छिद्रांना मशरूम आणि मसाल्याचे गरम पाणी पाजले. पुन्हा हलके पिळून, सोललेल्या फणसाच्या धाग्यांबरोबर लोखंडी तव्यावर थोड्या तेलात परतले. ओलावा असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपास अडकते. पृष्ठभाग सुकल्यावरच ते १४० च्या पुढे जाते आणि प्रथिने व साखर यांच्यातील माइयार अभिक्रिया तो तपकिरी, खमंग वास देते. रस्सा सर्वांत शेवटी.

वडिलांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, तेव्हा मुलीने वर पाहिले नाही. पाहिले असते तर ते अवघडले असते. “मटण नाही हे,” ते म्हणाले, “पण रविवार आहे.”

या घरातला प्रश्न सुटला, देशातला बाकी आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही सोयाबीनची आघाडीची राज्ये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस १४०७’ या वाणाची बातमी २०२१ मध्ये सर्वांनी वाचली. तरीही तेल काढून उरलेल्या पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. कच्चा माल आपल्याकडे आहे. त्यापासून स्वस्त आणि फ्रीजरशिवाय टिकणारा धागा तयार करणे, हे काम तरुण संशोधकांची वाट पाहते आहे.

रविवारचा फेरा अजून चालू आहे. परवा जुन्या महाराष्ट्र सदनापाशी भेटलेल्या एका सातारकराला ते गृहस्थ अधिकारवाणीने सांगत होते, “वडी दोनदा पिळल्याशिवाय रश्शात टाकू नका.”