जुन्या गावातील घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दुसऱ्याने बांधलेले जुने घर विकत घेण्याविषयी मात्र वाडवडिलांनी काही सांगून ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याचे कारण उघड आहे. खेड्यातील राहते घर ही पूर्वी बाजारात मांडावयाची वस्तूच नव्हती. ते बापाकडून मुलाकडे जावयाचे, फार झाले तर भाऊबंदांत वाटले जावयाचे. आता मुले नोकरीकरिता नागपूर-पुण्यास जातात, मागे दाराला कुलूप राहते, आणि कुलपाच्या मागोमाग वाळवी येते. अशी घरे हल्ली विक्रीस निघू लागली आहेत. गेल्या वर्षी असे एक घर घेण्याचा योग आम्हांस आला. त्या व्यवहारात जे शिकावयास मिळाले ते आमच्या विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने आम्ही ही लेखणी हाती धरली आहे.

शिक्षकाचे आयुष्य शाळेच्या आवारातील बिऱ्हाडात जाते. ते बिऱ्हाड कितीही सोयीचे असले तरी एक दिवस त्याची किल्ली परत करावयाची असते. म्हणून पुढील दिवसांकरिता एक लहानसे स्वतःचे घर असावे, आणि ते शक्य तो आमच्या ह्या झाडीपट्टीतच असावे, असे आमच्या कुटुंबाच्या व आमच्या मनात फार दिवस होते. शोध करता करता वैरागड येथील एका घराची माहिती मिळाली. चांदाफोर्टहून गाडीने वडशापर्यंत जावे, तेथून आरमोरी, व आरमोरीहून वैरागड, असा आमचा प्रवास त्या वर्षात कितीदा तरी झाला.

वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यातील, आरमोरी तालुक्यातील एक साधे गाव आहे. भाताची शेते, तलाव, आठवड्याचा बाजार आणि सुगीनंतर रात्रभर चालणारी नाटके, असेच तेथील जीवन. परंतु इतिहासात ह्या गावाचे नाव मोठे आहे. अबुल फजल याने 'आइने अकबरी'त येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. चांद्याचा गोंड राजा बाबाजी बल्लाळशाह याचे नाव येथील किल्ल्याशी जोडलेले आहे. दगडी तट, भोवतीचा खंदक, आणि नदीकाठच्या टेकडीवरील भंडारेश्वराचे देऊळ ही अजून उभी आहेत. गोंडांचे राज्य १७५१ साली भोसल्यांनी घेतले, भोसल्यांचे १८५४ साली इंग्रजांकडे गेले, आणि १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. इतके धनी बदलले, पण नदी आपल्या जागीच वाहते आहे.

घर म्हणावे तर अगदी बेताचे होते. हातभर रुंद मातीच्या भिंती, वर गावठी कवेलू, सागवानी खांबांची ओसरी, आत माजघर, मागे विहीर व परसात एक फणसाचे झाड. एक वासा वाळवीने पोखरला होता, आणि दोन पावसाळे कवेलू काढून पुन्हा बसविले नसल्यामुळे माजघरात पाण्याचे ओघळ आले होते. तथापि उन्हाळ्याच्या भर दुपारी त्या ओसरीवर बसलो तेव्हा बाहेरचे ऊन ह्या भिंतींनी बाहेरच थोपवून धरलेले आहे, असा अनुभव आला. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांस ह्याहून अधिक सांगणे नलगे.

आम्ही घर पाहतो आहो असे कळताच गावात एक गमतीची कुजबुज सुरू झाली. हिऱ्यांच्या गावातील जुने घर घेणारा मास्तर काही उगाच घेत नसणार. जमिनीखाली काही असल्याचे त्याला पुस्तकातून कळले असावे! एका सुताराने तर खांबाची पाहणी करता करता आम्हांस हळूच विचारले, "गुरुजी, खणती केव्हा लावता?" आम्ही त्यास सांगितले की १८७८ सालचा एक कायदा आहे, आणि त्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर सापडणाऱ्याने ते कलेक्टरास कळविले पाहिजे. तो बिचारा हिरमुसला. प्रभूच्या दाखल्यातील मनुष्याने ठेव सापडलेले शेत घेण्याकरिता आपले सर्वस्व विकले. आम्हीही बरेचसे सर्वस्व वेचणार होतो, परंतु आमच्या शेतात फणसावाचून दुसरी ठेव नव्हती.

आता कायद्याकडे वळू. वैरागडचा किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिच्यायोगे अशा स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत नवीन बांधकामास मनाई झाली, व त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून बांधकाम करता येईनासे झाले. आमचे घर ह्या दुसऱ्या पट्ट्यात पडत होते. म्हणजे घर आमचे, पण त्यावर मजला चढवावयाचा तर आधी अर्ज करावयाचा! काही हितचिंतकांस हे घराचे मोठे वैगुण्य वाटले. आम्हांस तसे वाटले नाही. इंग्रजी पुस्तकांतून आपण ज्या टुमदार खेड्यांची वर्णने वाचतो, तेथेही असाच निर्बंध आहे. १९४७ च्या कायद्यान्वये इंग्लंडात जुन्या व नामांकित इमारतींच्या याद्या सरकारने केल्या, आणि यादीत ज्याचे घर आले त्यास परवानगीवाचून त्याचे स्वरूप पालटता येत नाही. ती खेडी अजून पाहण्याजोगी राहिली आहेत त्यास हेही एक कारण होय. मात्र त्याच खेड्यांची दुसरी बाजू अशी की शहरांतील पैसेवाले लोक तेथे घरे घेऊ लागल्यामुळे किमती चढल्या, आणि कित्येक ठिकाणी गावातीलच तरुण जोडप्यांस गावात घर घेणे अशक्य झाले. बाहेरून येऊन घर घेणाऱ्याने हे विसरू नये. आपण येण्याने कोणाचे जाणे तर होत नाही ना, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच जपून विचारावयास हवा. येथील पुष्कळशी जमीन आदिवासी बंधूंची आहे. पूर्वी दोन पोती धान्याच्या वा एका कर्जाच्या कागदावर ती परक्यांच्या हाती गेली. म्हणून १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीवाचून बिगर-आदिवासीस घेता येणार नाही असा निर्बंध आला, आणि गेलेल्या जमिनी परत देवविण्याकरिता १९७४ साली स्वतंत्र कायदा झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीच्या गावाने तर ह्याहून मोठे पाऊल टाकले. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०१३ साली गावकऱ्यांनी आपापली शेतेही १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन केली. पैसा कितीही असो, परक्याने तेथे जाऊन जमीन विकत घ्यावी अशी सोय उरली नाही. अहाब राजाने द्राक्षमळा मागितला तेव्हा 'वाडवडिलांचे वतन मी देणार नाही' अशा अर्थाचे उत्तर नाबोथाने दिले होते. त्याची ही आमच्याच अरण्यातील आवृत्ती होय. विकत घेता न येणाऱ्या वस्तू जगात आहेत, हे घर घेणाऱ्याने प्रथम शिकावे.

आमचे घर गावठाणातील होते व मालक आदिवासी नव्हते, म्हणून ही अडचण नव्हती. अडचण निराळीच निघाली. घरधन्याने ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढे केला. पुष्कळ लोक ह्या कागदास मालकीचा दाखला समजतात. वस्तुतः तो करआकारणीचा कागद आहे. घराचा कर कोण भरतो हे त्यावरून कळते, घर कोणाकोणाचे आहे हे कळत नाही. गावठाणातील घरांची मोजणी करून मालमत्तेचे पत्रक देण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली, ती ह्याच उणिवेमुळे. आम्ही वारसांची चौकशी केली. वडील मृत्युपत्र न करता वारले होते, आई त्यांच्याआधीच गेली होती. मागे दोन भाऊ. थोरले गावात, धाकटे नागपुरास. आणि आणखी कोणी? ह्यावर थोरले भाऊ किंचित थांबून म्हणाले, "एक बहीण आहे, सर. पण तिचे काय? बाईच्या लग्नात दिले ते दिले."

ही बहीण वैनगंगेपलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका खेड्यात दिली होती. वय सत्तरीच्या घरात, वैधव्य आलेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीस मुलाइतकाच वाटा दिला आहे. त्या कायद्यात पूर्वी एक कलम असे होते की कुटुंब राहात असलेल्या घराची वाटणी मुलीने आपण होऊन मागू नये. भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिला तिचा भाग मिळावा. २००५ साली तेही कलम गेले. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या कायद्यात तर मुलगा-मुलगी हा भेदच नाही. पण कायद्यात भेद नाही म्हणून घरांत नाही असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. 'भावाचे मन मोडू नये' एवढ्या एका वाक्यावर किती बहिणींची हक्कसोडपत्रे झाली असतील, ती देवच जाणे.

आम्ही नम्रपणे सांगितले की बहिणीचे नाव खरेदीखतात असेल व किमतीचा तिसरा हिस्सा तिच्या हाती पडेल, तरच आम्ही घर घेऊ. थोरल्या भावांस ह्याचा राग आला. "आमच्या घरातले तुम्ही कशाला पाहता?" असे ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ते अगदीच चूक होते असेही नव्हे. चार महिने गेले. मध्यंतरी एक दुसरे गिऱ्हाईक आमच्याहून अधिक रक्कम घेऊन आले; त्यास बहिणीविषयी काही विचारावयाचे नव्हते. आमच्या कुटुंबाने ओसरीचे जे चित्र मनात रंगविले होते ते पुसून टाकावे लागणार असे दिसू लागले. परंतु त्या गृहस्थास घर पाडून तेथे दुमजली दुकान उठवावयाचे होते, आणि किल्ल्याच्या सान्निध्याचा कायदा कळताच ते माघारी गेले. ज्या निर्बंधास आमचे हितचिंतक वैगुण्य म्हणत होते, त्यानेच घर राखले.

पुढे थोरले भाऊ स्वतः नदीपलीकडे जाऊन बहिणीस घेऊन आले. निबंधकाच्या कचेरीत कारकुनाने तिच्यापुढे शाईची गादी सरकविली, तेव्हा ती म्हणाली, "सहीबी करते." नातीने शिकविलेली ती सही पुरी व्हावयास बराच वेळ लागला. मागची रांग खोळंबली. पण कोणी घाई केली नाही. दोन्ही भाऊ शेजारी उभे राहून ती अक्षरे पाहात होते. तिच्या वाट्याची रक्कम तिच्याच नावच्या बँकेच्या खात्यात जमा झाली, व तीतून त्या नातीच्या परिचारिकेच्या शिक्षणाची फी भरली गेली असे आम्हांस मागाहून कळले.

कचेरीतून ती म्हातारी आमच्याबरोबर घरी आली. अंगणात तिच्या आईने बांधलेले तुळशीवृंदावन होते. ती त्याच्यापाशी थांबली आणि आमच्या कुटुंबाकडे वळून म्हणाली, "तुम्ही तर किरिस्ताव. हिचं काय करणार, माय?" आमचे कुटुंब म्हणाले, "माय, पूजा आमच्याकडून होणार नाही, हे खोटे कशाला सांगू? पण तुमच्या आईने लावलेली आहे. पाणी रोज घालीन." म्हातारीने क्षणभर विचार केला व 'बरं' म्हटले. तो एक शब्द आमच्या लेखी खरेदीखतावरील शेवटचा शिक्का होता.

मित्रहो, पवित्र शास्त्रात दोन खरेद्यांची हकीकत मोठ्या बारकाईने दिली आहे. परक्या देशात राहणाऱ्या अब्राहामास मक्पेलाचे शेत एफ्रोन फुकट देऊ करीत होता. परंतु अब्राहामाने नगराच्या वेशीशी सर्वांच्या देखत चारशे शेकेल रुपे तोलून दिले, आणि मगच सारेला तेथे पुरले. यरुशलेमास वेढा पडला असता यिर्मयाने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेलांस घेतले, साक्षीदार केले, आणि कागद पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवविले. त्या दोघांही देवभक्तांना उघडा व्यवहार, पुरी किंमत आणि जपून ठेवलेला कागद ह्यांत काही कमीपणा वाटला नाही. भक्ती आणि निबंधकाची कचेरी ह्यांत विरोध आहे असे आपण समजू नये.

तुमच्यापैकी पुष्कळांस आज ना उद्या घराच्या कागदावर सही करावी लागेल. कोणास विकणारा म्हणून, कोणास घेणारा म्हणून, आणि मुलींनो, तुम्हांस बहीण म्हणूनही. त्या वेळी किंमत, क्षेत्रफळ व चतुःसीमा तर पाहाच. पण त्याआधी ज्याचा ज्याचा त्या घरावर हक्क आहे त्या प्रत्येकाचे नाव कागदावर आले की नाही, हे पाहा. ह्या सुट्टीत घरी गेलात म्हणजे आपल्या घराचा कागद वडिलांकडून मागून घ्या व मोठ्याने वाचा. त्यात आत्याचे नाव आहे काय, हेही विचारा. आईबापांनी ह्या प्रश्नावर रागावू नये, एवढी आमची त्यांस हात जोडून विनंती आहे. ज्या घराच्या पायाखाली कोणाचा हुंदका दडपलेला नाही, त्या घराच्या भिंती मातीच्या असल्या तरी त्यांत झोप सुखाची लागते.